आडांतलें आणि पोहऱ्यांतलें

"आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?" ही म्हण आपल्या घरांतील वडील माणसें इतक्या सहजपणें वापरतात कीं, ती ऐकणाऱ्याच्या काळजास कोठवर जाऊन लागते याची त्यांस जाणीवहि नसते. मूल उशिरां बोलूं लागलें, त्यास झटके येऊं लागले, तें अभ्यासांत फार मागें पडलें, किंवा त्याची वागणूक इतर मुलांहून निराळी दिसूं लागली, म्हणजे आडाचा शोध सुरू होतो. आजोळीं कोणी वेडसर होतें काय? चुलत घराण्यांत कोणास फेपरें होतें काय? हा शोध बहुधा मुलाच्या आईपाशीं आणि तिच्या माहेरापाशीं येऊन थांबतो. शिक्षकाच्या व्यवसायांत असे आईबाप वरचेवर भेटतात. मुलाच्या प्रगतिपत्रकाविषयीं बोलण्यास ते आलेले असतात, परंतु उठतांना हळूच विचारतात, "मास्तर, आमच्या दोन्ही घराण्यांत असें कोणी नव्हतें, मग हें आलें कोठून?"

हा प्रश्न फार जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत, जन्मांध मनुष्यास पाहून हा दोष त्याच्या पापाचा कीं त्याच्या आईबापांच्या पापाचा, असें शिष्य प्रभु येशूस विचारतात. आणि प्रभु दोन्ही तर्क नाकारतो. त्या अध्यायाचा पुढील भाग आपण जरा घाईनेंच वाचतों. त्यांत त्या मनुष्याच्या आईबापांस बोलावून आणून त्यांची तपासणी होते, आणि ते भीतभीत जेवढ्यास तेवढें उत्तर देतात. मुख्याध्यापकांच्या खोलींत खुर्चीच्या कडेवर बसलेले आईबाप पाहिले म्हणजे मला तें चित्र हटकून आठवतें.

रक्तांतून काय येतें, कसें येतें, आणि आलें म्हणजे तें अटळच असतें काय, हें समजण्यासाठीं आज एका व्याधीची हकीकत सांगावयाची आहे. तिचें नांव लांबलचक आहे: फेनिलकीटोन्यूरिया. डॉक्टर लोक तीस पी. के. यू. म्हणतात. युरोपांतील पुष्कळ देशांत सुमारें दहा हजार जन्मांमागें एक मूल ही व्याधि घेऊन येतें. आयर्लंड व तुर्कस्तान येथें तिचें प्रमाण याहून अधिक, तर फिनलंडांत ती फारच क्वचित् आढळते. इतकी विरळ व्याधि निवडण्याचें कारण असें कीं, मेंदूच्या आनुवंशिक विकारांत हिच्याइतकी मुळापासून उपायापर्यंत उलगडलेली दुसरी हकीकत विरळाच सांपडेल.

१९३४ सालीं नॉर्वे देशांत ऑस्लो येथें आस्ब्यॉर्न फॉलिंग नांवाच्या डॉक्टरांकडे एक आई आपलीं दोन मुलें घेऊन आली. मुलगी सहा-सात वर्षांची, मुलगा तिच्याहून लहान. दोन्ही मुलें जन्मतांना इतर मुलांसारखींच निकोप दिसलीं होतीं. परंतु दिवसेंदिवस त्यांची बुद्धि मागें पडत गेली. मुलगी थोडेच शब्द बोले; मुलास चालतां येत नव्हतें, बोलतां येत नव्हतें. त्या बाईनें अनेक डॉक्टरांचे उंबरठे झिजविले होते. तिचें म्हणणें एवढेंच होतें कीं, मुलांच्या अंगास एक विलक्षण कुबट वास येतो, आणि त्या वासाचा व त्यांच्या मंदपणाचा कांहीं तरी संबंध असला पाहिजे. तिचें हें बोलणें आजवर कोणीं मनावर घेतलें नव्हतें. डॉक्टरांनीं आईचें ऐकावयाचें असतें, हा धडा वैद्यकाच्या पुस्तकांत असतो कीं नाहीं तें मला ठाऊक नाहीं, असावा.

सुदैवानें फॉलिंग हे वैद्याबरोबर रसायनशास्त्रज्ञहि होते. त्यांनीं मुलांचें मूत्र तपासावयास घेतलें आणि त्यांत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. ही साधी परीक्षा मधुमेहाच्या रोग्यांसाठीं त्या काळीं नेहमीं करीत. त्या रोग्यांच्या बाबतींत रंग लालसर जांभळा येतो. येथें तो गडद हिरवा आला आणि कांहीं वेळानें विरून गेला. असा रंग फॉलिंग यांनीं पूर्वीं कधीं पाहिला नव्हता, पुस्तकांतहि त्याची नोंद नव्हती. एखाद्या औषधाचा हा परिणाम असेल म्हणून त्यांनीं मुलांचीं सर्व औषधें बंद करविलीं. तरी रंग हिरवाच आला. मग पुढील सुमारें दोन महिने ती माउली मूत्राच्या बाटल्या आणून देत होती, आणि हे त्यांतून तो अज्ञात पदार्थ शुद्ध स्वरूपांत वेगळा काढण्यासाठीं खटपट करीत होते. अखेर तो पदार्थ म्हणजे फेनिलपायरुविक आम्ल आहे असें सिद्ध झालें. त्यानंतर त्यांनीं मतिमंदांच्या आश्रमांतून ४३० जणांची परीक्षा केली, तों आणखी आठ जणांत तोच हिरवा रंग दिसला. वास खरा होता, आणि आईचा तर्कहि खरा होता. मात्र त्या शोधाचा तिच्या मुलांस कांहीं उपयोग झाला नाहीं. कारण सांपडलें होतें, उपाय सांपडला नव्हता.

आतां हें आम्ल येतें कोठून तें पाहूं. दूध, डाळ, अंडें, मांस, गहूं यांत जीं प्रथिनें असतात तीं पोटांत पचून त्यांचे लहान लहान घटक होतात. त्यांपैकीं एकाचें नांव फेनिलॲलानिन. प्रथिनाचा सुमारें विसावा भाग याचाच असतो. शरीरास त्याची थोडी गरज असते; उरलेल्याचें यकृतांतील एक एन्झाइम, म्हणजे शास्त्रीय मराठींतील विकर, टायरोसिन नांवाच्या दुसऱ्या घटकांत रूपांतर करून टाकतें. पी. के. यू. असलेल्या मुलांत हें विकर काम करीत नाहीं. त्यामुळें फेनिलॲलानिन रक्तांत सांचत जातें. मेंदूंत शिरण्याचें जें दार आहे तें या घटकास व त्याच्या कांहीं भावंडांस सामाईक आहे. एकाचीच झुंबड उडाली म्हणजे बाकीचे बाहेर राहतात, आणि मेंदूचे निरोप पोहोंचविणारीं द्रव्यें पुरेशीं तयार होत नाहींत. मज्जातंतूंवरील आवरणहि नीट बनत नाहीं. टायरोसिनापासून केंसांचा व त्वचेचा काळा रंग बनतो. तें कमी पडल्यामुळें हीं मुलें आपल्या भावंडांहून गोरीं व फिक्या केंसांचीं असतात. आईच्या पोटांत असेतोंवर आईचें यकृत बाळाचें काम करीत असतें, म्हणून मूल जन्मतः निकोप दिसतें. विष चढूं लागतें तें पहिल्या दुधापासून.

उपचार न झालेल्या अशा मुलांचें वर्तन ऐकलें म्हणजे मन खिन्न होतें. तीं तासन्‌तास किरकिरतात, बसल्या जागीं झोंके घेतात, भिंतीवर किंवा जमिनीवर डोकें आपटतात, क्षणभर स्वस्थ बसत नाहींत. कित्येकांस झटके येतात. असलें मूल हट्टी आहे, त्यास वळण नाहीं, आईनें लाडावून ठेवलें आहे, असें शेजारीपाजारी किती सहज बोलून जातात! वास्तविक तो स्वभावाचा दोष नसून त्याच्या रक्तांतील एका रासायनिक द्रव्याचा परिणाम असतो. यावरून सर्वच वर्तन रसायनावर ढकलून मोकळें होण्याचें मात्र कारण नाहीं. बहुतेक मानसिक विकारांत आणि आपल्या नित्याच्या स्वभावांत तर अनेक जनुकें, घरचें वळण, आजारपण, सोबत, हें सर्व एकमेकांत गुंतलेलें असतें, आणि तेथें इतकें स्वच्छ उत्तर मिळत नाहीं. ज्या विद्यार्थ्यानें गृहपाठ केलेला नाहीं त्यानें उद्यां मला आपलें यकृत पुढें करून दाखवूं नये.

आतां मूळ प्रश्न: दोन्ही घराण्यांत कोणी नव्हतें, मग आलें कोठून? शरीरांतील प्रत्येक द्रव्य कसें बनवावें याची सूचना पेशींत लिहिलेली असते. तीस जनुक म्हणतात. जवळजवळ प्रत्येक सूचनेच्या आपणांपाशीं दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून आलेली. मीं फळ्यावर लिहिलेलें तुम्ही वहींत उतरून घेतां तेव्हां जशा चुका होतात, तशा या प्रतींतहि पिढ्यान्‌पिढ्या नकला होतांना चुका होतात. वर सांगितलेल्या विकराची सूचना बाराव्या गुणसूत्रावर आहे, आणि तींत हजाराहून अधिक प्रकारच्या चुका आजवर सांपडल्या आहेत. दोहोंपैकीं एक प्रत बरोबर असली तरी काम चालतें. असा मनुष्य पूर्ण निरोगी असतो. आपल्यापाशीं एक चुकलेली प्रत आहे हें त्यास जन्मभर समजतहि नाहीं. असे दोघे योगायोगानें पतिपत्नी झाले, आणि दोघांचीहि चुकलेली प्रतच बाळाच्या वाट्यास आली, तरच व्याधि प्रकट होते.

ग्रेगोर मेंडेल या साधूनें ब्रनो येथील मठाच्या बागेंत वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ सालीं जें प्रसिद्ध केलें तें हेंच. पिवळ्या व हिरव्या वाटाण्यांच्या संकरापासून आलेले सर्व दाणे पिवळे. पण त्यांच्या पुढच्या पिढींत चारांत एक दाणा हिरवा. हिरवेपणा मेला नव्हता, झांकला गेला होता. तसेंच येथें: प्रत्येक वेळीं चारांत एक संधि व्याधीची, दोन संधि आईबापांसारखें निरोगी पण एक चुकलेली प्रत बाळगणारें मूल होण्याच्या, आणि एक संधि दोन्ही प्रती निर्दोष असण्याची. येथें एक गैरसमज पुष्कळांचा होतो कीं, एक मूल आजारी झालें म्हणजे पुढचीं तीन सुरक्षित. नाण्याला मागला कौल स्मरत नाहीं. प्रत्येक जन्मास हिशेब पुन्हां पहिल्यापासून. ज्यांस बीजगणित येतें त्यांनीं हें उदाहरण करून पाहावें: दहा हजारांत एक मूल आजारी असेल, तर एक चुकलेली प्रत बाळगणारे निरोगी लोक किती? उत्तर सुमारें पन्नासांत एक असें येतें. म्हणजे दोन वर्गांतील मुलें एकत्र बसविलीं तर त्यांत असा एक सांपडावयाचा! आणि हा हिशेब एकाच व्याधीचा झाला. अशा दुसऱ्या व्याधींच्या चुकलेल्या प्रती धरल्या, तर आपणांपैकीं बहुतेक प्रत्येकाच्या आडांत कांहीं ना कांहीं आहेच. तळ दिसत नाहीं इतकेंच.

जवळच्या नात्यांत विवाह झाला असतां वधूवरांस एकाच आजोबांकडून एकच चुकलेली प्रत मिळालेली असण्याचा संभव वाढतो. १९०२ सालीं आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरांनीं अल्काप्टोन्यूरिया या दुसऱ्या एका आनुवंशिक व्याधीविषयीं लिहितांना, रोग्यांचे आईबाप पुष्कळदां सख्खे चुलत-मावस भाऊबहीण असतात याकडे लक्ष वेधलें होतें. आपल्याकडे कित्येक ज्ञातींत मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल आहे. सर्वच तसल्या लग्नांतील संतति रोगी निघते असें मुळींच नाहीं; परंतु कुटुंबांत अशी एखादी व्याधि एकदां दिसलेली असेल, तर सोयरीक ठरविण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें हें शहाणपणाचें.

आनुवंशिकतेच्या ज्ञानाचा दुरुपयोगहि थोडा झाला नाहीं. अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांत व्हाइनलँड येथें मतिमंद मुलांची एक संस्था होती. तेथील संशोधक हेन्री गॉडर्ड यांनीं १९१२ सालीं एका कुटुंबाचा इतिहास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबास त्यांनीं कॅलिकॅक हें बनावट नांव दिलें होतें; ग्रीक भाषेंतील चांगलें व वाईट या अर्थाच्या दोन शब्दांचा तो सांधा. एकाच पुरुषाच्या एका शाखेंत सर्व सज्जन व दुसरींत सर्व मंदबुद्धि व दुराचारी, असें त्यांचें प्रतिपादन होतें. पुढें तपासांतीं दिसून आलें कीं, माहिती गोळा करणाऱ्यांनीं माणसांच्या नुसत्या दिसण्यावरून, आणि कित्येक तर मेलेल्यांविषयीं ऐकीव गोष्टींवरून, हा मंद व तो मंद असें ठरविलें होतें. परंतु तोंवर त्या पुस्तकाचा बोलबाला झाला होता. अशा विचारांच्या लाटेंत १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मंदबुद्धि ठरविलेल्यांस संतति होऊं नये म्हणून त्यांच्या इच्छेविरुद्ध शस्त्रक्रिया करण्याचा कायदा योग्य ठरविला. १९३३ सालीं जर्मनींत तसाच कायदा झाला, आणि तेथें पुढें अशा माणसांच्या हत्येपर्यंत मजल गेली.

त्याच व्हाइनलँडच्या संस्थेंत १९२९ सालीं एका आईनें आपली नऊ वर्षांची मुलगी आणून ठेवली. आईचें नांव पर्ल बक. चीनमध्यें काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मातापित्यांची ही कन्या. १९३१ सालीं 'द गुड अर्थ' ही कादंबरी लिहून ती जगप्रसिद्ध झाली, आणि १९३८ सालीं तीस नोबेल पारितोषिक मिळालें. मुलीच्या आयुष्यभराच्या संगोपनाची तरतूद करणें ही तिच्या लेखनामागची एक मोठी निकड होती. मुलीविषयीं मात्र ती अनेक वर्षें जाहीरपणें बोलली नाहीं. १९५० सालीं 'द चाइल्ड हू नेव्हर ग्रू' या लहानशा पुस्तकांत तिनें तें प्रथम उघडपणें लिहिलें. मुलीस पी. के. यू. होता हें तर त्याच्याहि पुढें कळलें. विचार करा: गॉडर्ड यांनीं आनुवंशिक मंदपणा दारुड्यांच्या व दरिद्र्यांच्या झोंपड्यांत शोधला, आणि खरोखरीचा आनुवंशिक विकार त्याच संस्थेच्या अंगणांत एका विदुषीच्या, धर्मोपदेशकांच्या घराण्यांतील, मुलीच्या रूपानें खेळत होता.

उपायाची कथा इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथील मुलांच्या रुग्णालयांत घडली. १९५१ च्या सुमारास हॉर्स्ट बिकेल या तरुण डॉक्टरांस तेथें दोन वर्षांच्या एका मुलींत हिरव्या रंगाची खूण सांपडली. ती मुलगी बसत नव्हती, उभी राहत नव्हती, भोंवतालच्या कशांतहि मन घालीत नव्हती. दिवसभर रडे आणि डोकें आपटी. रोगाचें नांव सांपडलें म्हणून डॉक्टर संतुष्ट होते. मुलीची आई नव्हती. ती रोज सकाळीं प्रयोगशाळेच्या दाराशीं येऊन उभी राही आणि विचारी, माझ्या मुलीवर उपाय केव्हां करणार? उपाय ठाऊक नाहीं हें उत्तर ती ऐकून घेईना. शेवटीं बिकेल यांनीं लुई वुल्फ या रसायनशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला, आणि दुधांतील केसीन या प्रथिनाचे घटक वेगळे करून, विशेष प्रकारच्या कोळशांतून गाळून, त्यांतील फेनिलॲलानिन काढून टाकलें. उरलेल्या द्रवावर, अगदीं मोजकें दूध घालून, मुलीचें पोषण सुरू झालें. कांहीं महिन्यांत ती रांगूं लागली, उभी राहूं लागली, खुर्चीवर चढूं लागली. केंस काळसर झाले, रडणें व डोकें आपटणें थांबलें.

हें खरोखर आहारानेंच झालें काय, याची खात्री करण्यासाठीं बिकेल यांनीं आईस न सांगतां त्या आहारांत पुन्हां फेनिलॲलानिन मिसळलें. एका दिवसांत रडणें व डोकें आपटणें परत आलें, आणि थोड्याच दिवसांत शिकलेलें सर्व गेलें. हा प्रयोग पुढें आईच्या संमतीनें पुन्हां करण्यांत आला, आणि १९५३ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत हकीकत प्रसिद्ध होऊन जगाची खात्री पटली. तरीहि आईस न सांगतां केलेल्या त्या पहिल्या प्रयोगाचें मला समर्थन करवत नाहीं. जी बाई रोज दाराशीं उभी राहिली नसती तर हा शोध लागला नसता, तिलाच अंधारांत ठेवलें गेलें.

त्या मुलीच्या मेंदूची झालेली हानि भरून येण्याजोगी नव्हती. उपाय दोन वर्षें उशिरां आला होता. तो लागू पडावयाचा तर जन्मानंतर पहिल्या कांहीं दिवसांतच सुरू व्हावयास हवा, आणि त्या वयांत मूल तर निकोप दिसतें! ही अडचण अमेरिकेंतील रॉबर्ट गथ्री यांनीं सोडविली. त्यांचा स्वतःचा एक मुलगा मतिमंद होता, आणि त्यांच्या एका भाचीस पी. के. यू. असल्याचें वेळ टळून गेल्यावर कळलें होतें. बाळाच्या टाचेस सुई टोंचून रक्ताचा एक थेंब गाळणकागदावर वाळवावयाचा, आणि त्या कागदाचा बारीक तुकडा अशा जंतूंच्या थरावर ठेवावयाचा कीं जे भरपूर फेनिलॲलानिन मिळाल्यावांचून वाढत नाहींत. तुकड्याभोंवतीं जंतूंचें वर्तुळ उमटलें कीं रोग समजला. १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतानें प्रत्येक नवजात बालकाची ही परीक्षा कायद्यानें आवश्यक केली, आणि पाठोपाठ अनेक देशांनीं तिचा स्वीकार केला. आज यंत्रें निराळीं आलीं आहेत, पण टाचेचा थेंब तोच आहे.

ज्या मुलांस वेळेवर आहार मिळाला तीं आज शाळा-महाविद्यालयांत जातात, नोकऱ्या करतात, संसार करतात. आहार मात्र सोपा नाहीं. दूध नाहीं, डाळ नाहीं, अंडें-मांस नाहीं; भात व पोळीहि तोलून; आणि चवीस वाईट असें एक खास पेय दिवसांतून अनेकदां. हें जन्मभर. आहार सोडून देणाऱ्या मोठ्या माणसांचेंहि चित्त स्थिर राहत नाहीं, चिडचिड व उदासपणा वाढतो. मुलींच्या बाबतींत तर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या म्हणीस उलटी करून टाकते. पी. के. यू. असलेली स्त्री गरोदरपणांत आहार पाळीत नसेल, तर तिच्या रक्तांतील फेनिलॲलानिन पोटांतील बाळास बाधतें. त्या बाळास बापाकडून निर्दोष प्रत मिळालेली असते. त्याच्या स्वतःच्या शरीरांत हा रोग नसतो. तरीहि तें लहान डोक्याचें व मंद बुद्धीचें जन्मतें. तेंच, आईनें गर्भधारणेच्या आधींपासून आहार सांभाळला तर बाळ निकोप होतें. आडांतलें पोहऱ्यांत येऊं न देणें जसें शक्य आहे, तसें पोहऱ्यांत दिसणारें सारें आडांतलेंच असतें असेंहि नाहीं.

साखरेऐवजीं ॲस्पार्टेम घातलेल्या पेयांच्या बाटलीवर, हें पेय फेनिलकीटोन्यूरिया असणाऱ्यांसाठीं नाहीं अशी सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते. कारण ॲस्पार्टेमांतहि फेनिलॲलानिन असतें. विद्यार्थ्यांनीं पुढच्या वेळीं ती शोधून पाहावी. ज्यांच्या घरीं पाळणा हलणार आहे अशा पालकांस एक सांगणें आहे. टाचेच्या रक्ताची परीक्षा आपल्या देशांत सर्वत्र आपोआप होत नाहीं. ती मागून घ्यावी लागते. ती होते कीं नाहीं, आणि होत नसल्यास कोठें करवितां येईल, हें प्रसूतीपूर्वींच डॉक्टरांस विचारून ठेवावें. बाळ दूध पिऊं लागून चोवीस तास उलटल्यावर, सामान्यतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं, रक्त घेतात. त्याच थेंबांतून कंठग्रंथीचा जन्मजात दोषहि समजतो, तो पी. के. यू. पेक्षां पुष्कळच अधिक आढळतो, तोहि वेळीं न कळल्यास बुद्धि मंद करतो, आणि त्यावर रोजची एक लहानशी गोळी पुरते.